झाकणाच्या आतल्या बाजूला

पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी आवाज खाली आणला आणि तिथंच माझं बिनसलं. या बाईंना हळू बोलता येतं हेच मला आजवर माहीत नव्हतं. तलावाच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या मुलांना "पाय मारा, पाय" म्हणून सांगण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेलेली, त्यामुळे दुकानात येऊन त्या नुसतं "पट्टा उसवलाय" म्हणाल्या तरी समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कळतं. आज सकाळी अकराच्या सुमाराला आल्या त्याही तशाच आल्या. मनगटावरचं घड्याळ सोडून काउंटरवर ठेवलं आणि म्हणाल्या, "हे बघा, आत धुकं." खरंच होतं. काचेच्या आतून, चारच्या आकड्यापासून सहापर्यंत वाफ धरली होती आणि सेकंदाचा काटा तिच्यामागे जाऊन पुन्हा बाहेर येत होता. घड्याळ त्यांच्या वडिलांचं, साठेक वर्षांपूर्वीचं, रोज चावी द्यायचं. त्या काळी असली घड्याळं हात धुतानासुद्धा काढून ठेवत. आमच्या दुकानानं ते पाण्यात उतरण्याजोगं करून दिलं होतं आणि गेली सहा वर्षं बाई ते घालून दिवसातून दोनदा तलावात उतरत होत्या. "कुणी केलं होतं हे काम?" त्यांनी विचारलं. मी झाकण फिरवून उघडलं, आतल्या बाजूला पाहिलं. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस झाकणाच्या आत सुईनं आपली खूण आणि तारीख कोरून ठेवतो. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही, पण पुढं झाकण उघडणाऱ्याला कळतं की आधी इथं कुणाचा हात लागून गेला. आत एक बारीक त्रिकोण होता आणि सहा वर्षांपूर्वीची तारीख. त्रिकोण म्हणजे वन्संची खूण. "वन्संनी केलेलं आहे हे," मी म्हटलं. त्यावर बाईंचा आवाज खाली आला. "म्हणजे डोळ्यांचं तेव्हापासूनच सुरू झालं होतं तर," त्या म्हणाल्या. "बिचाऱ्या. आणि आपण विश्वासानं देत राहिलो."

मी झाकण पुसायला घेतलं. खरं तर मी खोटं बोलले नव्हते. झाकणावर जे होतं तेच वाचून दाखवलं होतं. पण एखादं वाक्य खरं असलं तरी आपण ते कशासाठी बोललो हे आपल्याला आतून ठाऊक असतं. बाई तोंडसुख घेणार हे दिसत होतं आणि ते माझ्यावर येऊ नये म्हणून मी वन्संना पुढं केलं होतं, इतकं साधं होतं ते. वन्सं तिथं नव्हत्याच, त्या तिसऱ्या मजल्यावर आमच्या घरात खुर्चीत बसलेल्या. त्यांना काय लागणार होतं? बाई मात्र हळव्या झाल्या. "चारची बॅच सुटली की येते मी," त्या म्हणाल्या. "आधी वर जाऊन त्यांना भेटते, मग घड्याळ नेते. बोलणार नाही हं मी यातलं काही. या वयात कशाला दुखवायचं." आणि त्या गेल्या. बाईंच्या पोटात काही राहत नाही हे त्यांच्या बॅचमधल्या सहा वर्षांच्या मुलांनासुद्धा माहीत आहे.

आमचं दुकान जिन्याखाली आहे. छत एका बाजूनं उतरतं, त्यामुळे उंच गिऱ्हाईक काउंटरपाशी आलं की आपोआप मान झुकवतं आणि वन्संना ते आवडायचं. डोक्यावरून दिवसभर पावलं जात असतात. कोण चढतंय, कोण उतरतंय, कुणाच्या हातात जड पिशवी आहे, कोण भांडून निघालंय, हे मला आता वर न बघता कळतं. अकरा वर्षं मी या पावलांखाली बसते आहे. अकरा वर्षांपूर्वी माझा नवरा दुसरीकडे राहायला गेला. भांडण नाही, तंटा नाही, एका सकाळी त्यानं सांगितलं आणि दुपारी गेला. मी कपाटातले कपडे काढून पलंगावर ढीग घातला होता, कारण मलाही आता कुठंतरी जायला हवं असं वाटत होतं, कुठं ते सुचत नव्हतं. वन्सं म्हणजे त्याची थोरली बहीण, तेव्हा पन्नाशीच्या, लग्नाच्या भानगडीत न पडलेल्या, कानापर्यंत कापलेले पांढरे सरळ केस, बोटांना कायम तेलाचा वास. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या, ढीग पाहिला आणि म्हणाल्या, "भाऊ गेला माझा. तू कशाला जातेस?" मग थोडं थांबून, "पट्टे शिवायला माणूस हवंय मला. उद्या नऊला खाली ये." नणंदेनं भावजयीला घर दिलं असं लोक म्हणाले. मला तेव्हा ते उपकार वाटले नाहीत. मला वाटलं, भावाच्या वागण्याची लाज वाटते म्हणून भरपाई चाललीये. नऊला खाली गेले मात्र.

तीन वर्षं पट्टे शिवले, काचा घासल्या, मग हळूहळू केस, म्हणजे मशीनभोवतीची धातूची कवचं, हाताखाली आली. वन्संचं काम साऱ्या शहरात कुणी करत नव्हतं. जुनं घड्याळ घ्यायचं, मशीन बाहेर काढून डबीत झाकून ठेवायचं आणि उरलेल्या रिकाम्या केसमध्ये पाणी शिरायच्या जेवढ्या वाटा आहेत तेवढ्या एकेक करून बंद करायच्या. काच जुनी, नुसती चिकटवलेली असायची. ती काढून आत धातूचं कडं असलेली जाड काच दाबून बसवायची. चावी द्यायची गुंडी जिथून आत जाते तिथं उघडं भोक असायचं. तिथं बारीक नळी बसवायची आणि पोटात रबर असलेली नवी गुंडी तिच्यावर घालायची. झाकणाला लेथवर खाच पाडायची, खाचेत रबराची रिंग, रिंगेला बोटाच्या टोकानं जेमतेम ग्रीस. जुन्या वस्तूंचे शौकीन यायचे आणि चिडायचे. एकजण पांढरे हातमोजे घालून आला होता. "मूळ केसला भोक मोठं केलंत तुम्ही," तो जवळजवळ रडवेला होऊन म्हणाला. वन्सं म्हणाल्या, "हो. आता हे घालून भांडी घासून बघा." त्यांना घड्याळ कपाटात ठेवलेलं बघवायचं नाही. वडिलांचं, आजोबांचं घड्याळ लोक वर्षातून एकदा बाहेर काढतात, कानाला लावतात, पुन्हा ठेवून देतात. त्यापेक्षा ते मनगटावर चढावं, दाराला आपटावं, साबणात बुडावं आणि तरी चालावं, यासाठी त्यांनी डोळे घालवले असं म्हणायला हरकत नाही. मीही त्या कामात रुतले. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट मला नीट येत होती.

आणि तरी माझ्या मनात एक सल होता, तो मी कुणाला सांगितला नाही. वन्सं मला माझी खूण करू देत नसत. काम मी केलेलं, खाच मी पाडलेली, रिंग मी बसवलेली, पण झाकण लावायच्या आधी त्या हात पुढं करायच्या, झाकण घ्यायच्या, सुई उचलायच्या आणि आपला त्रिकोण कोरायच्या. चौथ्या वर्षी मी धीर करून विचारलं, "वन्सं, माझी खूण मी कधी करायची?" त्यांनी भिंगातून डोळा न काढता म्हटलं, "घाई काय आहे, घाईबाई?" हे माझं दुकानातलं नाव. मी दात ओठ खाऊन रिंग बसवत राहिले. पुढची पाच वर्षं तोच त्रिकोण. मला वाटायचं, वन्सं हात देतात पण नाव देत नाहीत. घर दिलं, काम दिलं, ते बरोबर आहे, पण माझ्या हातचं म्हणून जगात काही राहू नये असं बघतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांचे पडदे खराब झाले आणि त्या काम सोडून वर घरात बसल्या, त्या दिवशी मी पहिल्यांदा सुई उचलली. माझी खूण म्हणजे दोन आडव्या रेघा. त्या दिवशी वाईट वाटायला हवं होतं आणि वाटलंही, पण रेघा मारताना हात किती हलका झाला होता तेही मला आठवतं.

बाई गेल्यावर मी डोळ्याला भिंग लावलं आणि झाकणाची रिंग काढायला घेतली. मशीनला गंज नव्हता, तबकडीला सहाच्या खाली एक फिकट डाग, बाकी सगळं वाचलं होतं. बाईंनी वेळेत आणलं. खरं तर त्यांनी दर दोन वर्षांनी रिंग बदलायला यायचं होतं, तसं त्यांना सांगितलेलं, त्या एकदाही आल्या नाहीत. तेवढ्यावर सगळं झटकून टाकता आलं असतं. रबर आहे, सहा वर्षं कसं टिकेल, म्हटलं असतं, आणि कुणावरच खापर फुटलं नसतं. हे मला सकाळी का सुचलं नाही याचा विचार करत मी लाकडी काडीनं रिंग उचलली. रिंगेखाली, खाचेच्या तळाशी, केस होता. एकच, काळा, खाचेच्या वळणाबाहेर जाऊन आपल्याच वळणानं पडलेला, त्याचं एक टोक खाचेच्या आत आणि दुसरं झाकणाच्या काठापर्यंत. ग्रीस ओलं होतं तोवर त्यानं केसाच्या बाजूची जागा भरून काढली होती. ग्रीस सुकलं आणि केसाच्या कडेनं पाणी आत यायला लागलं. हे असं होतं. आमच्या धंद्यात केसानं जितकी घड्याळं बुडाली तितकी समुद्रानं बुडवली नसतील. मी केस चिमट्यानं उचलून पांढऱ्या कागदावर ठेवला. तो कुरळा होता. वन्संचे केस सहा वर्षांपूर्वीही पांढरे आणि सरळ होते. तेव्हा दुकानात कुरळ्या केसांची एकच बाई होती.

डोक्याला रुमाल बांधून बस, हे वन्संनी मला दोनदा सांगितलं होतं. त्या तिसऱ्यांदा सांगत नसत. मी बांधत नव्हते, कारण नवरा सोडून गेलेल्या बाईनं वर डोकंही झाकून कोपऱ्यात बसावं हे मला मानवत नव्हतं. माझे केस तेव्हा कमरेपर्यंत होते आणि माझ्याजवळ दाखवण्यासारखं तेवढंच उरलंय अशी माझी समजूत होती. रुमाल मी पुढं कधीतरी आपणहून बांधायला लागले, कशामुळे ते आठवत नाही. म्हणजे या घड्याळाची रिंग मीच बसवली होती. आता हळूहळू आठवायलाही लागलं. बाई पहिल्यांदा आल्या होत्या तो दिवस, तलावाच्या औषधाचा वास, "माझे वडील पोहायला घाबरायचे हो," असं मोठ्यानं सांगून त्या स्वतःच हसल्या होत्या. वन्संनी घड्याळ माझ्याकडे सरकवलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "हे तू कर." मी हरखून गेले होते. आणि शेवटी झाकण त्यांनी हातात घेतलं तेव्हा माझा चेहरा पडला होता.

मी झाकण पुन्हा भिंगाखाली धरलं. सकाळी काउंटरवर नुसत्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आता दिसलं, त्रिकोणाच्या खालच्या रेघेला लागून, सुईच्या टोकानं नुसतं टेकवल्यासारखा, एक ठिपका होता. ओरखडा असेल म्हणून मी झाकण फिरवून पाहिलं. ठिपकाच होता, मुद्दाम दिलेला. दुकानात दुरुस्तीला आलेल्या घड्याळांत त्याच सुमाराची, वन्संच्या खुणेची दोन पडून होती. एकाच्या झाकणाची खाच अशी स्वच्छ होती की तिथं वन्संचा हात दुरूनही ओळखू यावा. तिथं त्रिकोण होता, ठिपका नव्हता. दुसरं बेकरीवाल्याचं. त्याच्या कडेला लेथवर माझं हत्यार एकदा घसरलं होतं, नखाएवढी खूण पडली होती, ती मी जन्मात विसरणार नाही. ते उघडलं. त्रिकोण, आणि ठिपका. मी दोन्ही झाकणं शेजारी शेजारी ठेवली. डोक्यावरून कुणीतरी रिकाम्या हातानं घाईघाईत उतरून गेलं.

बेकरीवाला एकदा आमच्या दुकानात अर्धा तास बोलत होता. त्याच्या घड्याळात भट्टीची वाफ शिरली होती. वाट्टेल ते बोलला. तुमचं वय झालं, हात चालत नाहीत, लोकांच्या वस्तूंची वाट लावता, दुकान बंद करा. मी पडद्यामागे पट्टा शिवत होते. वन्सं काउंटरपाशी उभ्या होत्या आणि मधे मधे म्हणत होत्या, "हो. माझ्याच हातून राहिलं. द्या, करून देते." त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नाही. तो गेल्यावर त्यांनी ते घड्याळ माझ्यासमोर आणलं नाही, स्वतः उघडलं, स्वतः बंद केलं, मला एक शब्द सांगितला नाही. आणि मी पडद्यामागे काय करत होते? मला बरं वाटत होतं. हे आज लिहून काढायचं झालं तर हात आखडेल, पण बरंच वाटत होतं. म्हटलं, यांच्याही हातून चुकतं तर. एवढा त्रिकोण मिरवतात, आता घ्या. असं एकदा नाही, चारपाच वेळा तरी झालं असेल. कुणी बस चालवणारा, कुणी दवाखान्यात लादी पुसणारी, कुणी शाळेचे मास्तर. दर वेळी त्या काउंटरपाशी आणि मी पडद्यामागे, आणि दर वेळी तोच ठिपका आत असणार. त्या स्वतःसाठी तो देत होत्या, परत आलं तर कुणाचं हे चटकन कळावं, आपण गपचूप नीट करावं आणि त्या पोरीच्या हाताला पुढं काय शिकवायचं ते लक्षात घ्यावं, म्हणून. पुढच्या आठवड्यात त्या सहज बोलल्यासारखं म्हणायच्या, "ग्रीस जास्त होतंय का गं तुझं?" किंवा, "खाच पाडून झाली की एकदा नखानं फिरवून बघत जा." रुमाल मी आपणहून बांधायला लागले असं मला वाटत होतं, आता आठवलं, एका सकाळी माझ्या स्टुलावर नवाकोरा निळा रुमाल घडी करून ठेवलेला होता आणि वन्सं काही बोलल्या नव्हत्या.

मी रडले वगैरे नाही. भिंग डोळ्याला असताना रडता येत नाही, काच धूसर होते. पण हातातली काडी खाली ठेवावी लागली. नवरा गेल्यावर मला कुणी पदरात घेतलं हे मला माहीत होतं, त्याचे आभार मी मनातल्या मनात कधीकधी मानलेही होते, कोरडेपणानं. पण कुणीतरी वर्षानुवर्षं माझ्या वाटणीचं बोलणं खात उभं होतं, आणि मी त्या पाठीमागे सुखात बसून त्याच पाठीवर रागावत होते, हे मला कुठं माहीत होतं? नवशिक्या हाताला लोक दोन चुकांत हाकलून देतात. माझ्या पाच झाल्या आणि कुणाला पत्ता लागला नाही. मला हे काम येतं, मी पोट भरते, मान वर करून चालते, ते त्या पाच दिवसांमुळे. आणि आज सकाळी मी काय केलं तर तोच त्रिकोण वाचून दाखवला.

घड्याळात दोन वाजले होते. बाई साडेपाचच्या आत येणार नव्हत्या. त्याआधी वर जाऊन वन्संना सांगायचं आणि मग बाई आल्या की खालीच गाठून त्यांनाही सांगायचं, असं मी ठरवलं. पण रिकाम्या हातानं कसं जायचं? घड्याळ नीट करून मगच जावं म्हणून कामाला लागले. घाईबाई हे नाव उगाच नाही पडलेलं; पण आज घाई केली नाही. रुमाल घट्ट बांधला. मशीन डबीत ठेवून वाळवलं, खाच धुतली, नखानं फिरवली, नवी रिंग बसवण्याआधी ती उजेडासमोर धरून पूर्ण फिरवून पाहिली. गुंडीचं रबरही बदललं. रिकामी केस आधी पाण्यात तपासली, मग मशीन घातलं, झाकण आवळलं. मग शेवटची परीक्षा. आमच्याकडे जाड काचेचं एक बंद भांडं आहे, अर्धं पाण्यानं भरलेलं, बाजूला हातपंप. घड्याळ आत पाण्याच्या वर टांगायचं, पंपानं हवा कोंडायची, थोडं थांबायचं, मग घड्याळ पाण्यात सोडायचं आणि दाब हळूहळू उतरवायचा. कुठं फट असेल तर तिथून बुडबुडे येतात. बुडबुडा दिसला की त्या क्षणी घड्याळ पाण्याबाहेर ओढायचं, नाहीतर दाब उतरताना तेच पाणी आत ओढलं जातं आणि साठ वर्षांचं मशीन हातचं जातं. म्हणून एकदा घड्याळ पाण्यात गेलं की माणूस तिथून हलत नाही. दाराशी कुणी आलं तरी नाही.

मी घड्याळ पाण्यात सोडलं आणि डोक्यावर पावलं वाजली. ओल्या रबरी चपला, दोन दोन पायऱ्या एकदम. त्यामागून बाईंचा आवाज, "आज चारची बॅच लवकर सोडली, तलावाचा पंप बिघडला." ते कुणाला सांगत होत्या कोण जाणे, जिन्याला सांगत असतील. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण काचेवरून नजर काढता येईना. दाबाचा काटा अजून निम्म्यावर होता. पहिला मजला. दुसरा. माझी बोटं दाब सोडायच्या झडपेवर होती, ती थोडी जास्त फिरवली असती तर मिनिटभरात मोकळी झाले असते. बाईंच्या वडिलांचं घड्याळ पाण्यात सरळ टांगलेलं, काटा चालू. वर दार वाजलं, उघडलं, बंद झालं. मी झडप होती तशीच हळू फिरवत राहिले. वन्संचं काय होत असेल ते मला दिसत होतं, आणि त्यांनीच शिकवलेलं असल्यामुळे मी जागची हलत नव्हते. एकही बुडबुडा आला नाही. दाबाचा काटा शून्यावर आला तेव्हा घड्याळ बाहेर काढलं, पुसलं, केसाचा कागद घडी करून मुठीत घेतला आणि दुकान तसंच उघडं टाकून पळाले.

बाई यातलं काही बोलणार नव्हत्या. पण त्या वर पोचून सात-आठ मिनिटं झाली होती, म्हणजे सगळं बोलून झालं होतं. दार ढकललं तर दोघी समोरासमोर बसलेल्या, मधे चहाचे कप. वन्सं हातानं चाचपून चहा छान करतात, सांडत नाहीत. वन्संना आता समोरचं दिसत नाही, मधोमध एक करडा डाग असतो, कडेकडेचं तेवढं दिसतं. म्हणून ज्याला बघायचं त्याच्याकडे त्या बघत नाहीत, जरा बाजूला बघतात. आत्ता त्या बाईंच्या खांद्यावरून कपाटाकडे बघत होत्या, म्हणजे नीट बाईंकडेच बघत होत्या, आणि म्हणत होत्या, "हो, माझ्याच हातून राहिलं असणार ते. तेव्हा डोळे जायला लागलेच होते माझे, मीच कुणाला सांगितलं नाही." सहा वर्षांपूर्वी वन्संना भिंगाशिवाय सेकंदाच्या काट्यावरची धूळ दिसायची. साऱ्या इमारतीला हे माहीत होतं. डोळे हा त्यांचा एकच गर्व, आणि तोसुद्धा त्या माझ्यापायी सहज देऊन टाकत होत्या, चहा निवायच्या आत.

"वन्संचं नाही ते," मी म्हटलं. धाप लागली होती. "माझं आहे. ते काम मी केलं होतं."

"तुम्हीच तर सकाळी म्हणालात," बाई म्हणाल्या.

"खूण त्यांची होती म्हणून म्हटलं. तुम्ही मला बोलाल म्हणून म्हटलं." मी कागद उघडून त्यांच्यापुढं धरला. "हा रिंगेखाली होता. माझा आहे. मला सांगूनसुद्धा मी डोक्याला काही बांधत नव्हते तेव्हा."

बाईंनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्या डोक्याकडे पाहिलं. रुमालाखालून दोनचार बटा सुटल्या होत्या, ओळख पटायला तेवढ्या पुरेशा होत्या. मग त्यांचा आवाज परत आला, तलावावरचा, पुरता. "केस?" त्या म्हणाल्या. "माझ्या वडिलांच्या घड्याळात तुमचा केस घालून मी सहा वर्षं पोहतेय? आणि वर यांच्यावर ढकललंत? या बाईंवर? अहो, यांना दिसत नाही म्हणून तुम्हाला वाटलं कळणारही नाही?" समोरच्या इमारतीत एक खिडकी उघडली. मी वन्संकडे पाहिलं. सवयीनं पाहिलं. आता त्या म्हणतील, जाऊ द्या हो, शिकत होती ती तेव्हा. त्यांनी तोंड उघडलंही. मग मिटलं. खुर्चीत मागे टेकून बसल्या आणि चेहरा हळूच खिडकीकडे वळवला, म्हणजे माझ्याकडे बघायला लागल्या. मीही त्यांच्याकडे बघत राहिले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच वन्संनी मला पाठीशी घातलं नाही, माझं काम माझ्याच नावावर राहू दिलं, आणि त्यांनी मला दिलेल्या सगळ्या गोष्टींत ही सर्वांत मोठी आहे हे मला तिथं, त्या आरडाओरड्यात उभी असताना, कळत होतं. बाईंचं अजून बरंच बोलायचं राहिलं होतं. मी हात बाजूला सोडून, मान वर ठेवून उभी राहिले आणि सगळं ऐकून घेतलं.